नाजूची बरणी

सांगजू, १८ सप्टेंबर १९९९

ही-जा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न उघडताच चुलीत घालशील, असं तुझ्या वहिनीचं म्हणणं. म्हणून पत्ता तिने लिहिलाय. मला ते काही पटलं नाही. पण तिने लिहून ठेवलंच होतं.

पत्ता मिळाला नाशपातीच्या व्यापाऱ्याकडून. तो तुमच्या नाजूकडचा माल देगूच्या बाजारात नेतो आणि परतताना आपल्याकडे थांबतो. त्याला पान-सॉकची बाग ठाऊक आहे. तुझी मुलगी चौदा वर्षांची झाली आणि उंचीला तुझ्याही वर गेली, हे त्यानेच सांगितलं. बो-राम नाव छान आहे. आईने ते दोनदा म्हणून पाहिलं.

लिहायचं कारण असं की आबा आजारी आहेत. अन्ननलिकेत गाठ आहे. देगूच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हा हिवाळा निघेल, पुढचं सांगता येत नाही. आबांना कुणी काही सांगितलेलं नाही, पण त्यांना कळलेलं आहे. परवा त्यांनी डोंगरावरची आपली दफनाची जागा साफ करून घेतली आणि गवत कापणाऱ्याला म्हणाले, "डाव्या बाजूला जरा जास्त काप, मी त्या कुशीवर झोपतो."

मी फक्त कळवतोय असं म्हणालो तर ते खोटं होईल. तू यावंस म्हणून लिहितोय.

तो दिवस मी तुला सांगायला नको, तू अंगणातच उभी होतीस. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेली. नवऱ्याच्या पाठीवर ती पोट सुटलेली मातीची बरणी, आणि बरणीत तुझ्या सासूने पाठवलेलं पाकट. ओसरीवर काका आणि घराण्यातली चारपाच म्हातारी माणसं बसलेली. आबांनी झाकण काढलं आणि सगळ्यांनी नाकाला बाह्या लावल्या. "जॉल्लावाल्यांनी आपली पोर नेली आणि बदल्यात सडका मासा पाठवला," असं काका म्हणाले. आबांनी बरणी उचलली आणि गोठ्यामागच्या उकिरड्यावर उपडी केली. पान-सॉक अजून ओसरीची पायरीही चढला नव्हता. तो तसाच वळला, आणि तू त्याच्या मागे.

१९८४ चा वसंत होता. चारच वर्षांपूर्वी त्यांच्याकडे, ग्वांगजूत, लष्कराने किती माणसं मारली होती ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आपल्याकडे त्यांचं नाव काढताना माणसं आवाज खाली करत, आणि त्यांच्याकडे आपलं नाव काढताना दार लावून घेत असतील. अशा दिवसांत ते झाकण उघडलं गेलं.

पण तू गेल्यावर काय झालं, ते तुला माहीत नाही. पुढच्या उन्हाळ्यात बांबूच्या टोपल्या विकणारा एक जॉल्लाकडचा माणूस आला. त्या लोकांचा माल आपल्याकडे चालायचा, माणूस चालायचा नाही. आईने त्याला परसात पाणी दिलं. बरण्यांच्या ओट्यावर त्याची नजर गेली. आपल्या बरण्या उभट, खांद्यात रुंद. त्यांच्यात ती एक गोल गरगरीत बसलेली. "ही आमच्याकडची बाई इथे कशी?" तो म्हणाला. आईने सगळं सांगितलं. तो हसत हसत खालीच बसला. मग त्याने सांगितलं की जुन्या काळी समुद्रातून मासे भरलेल्या होड्या नदीने नाजूला यायच्या. वाटेत बाकी सगळं सडायचं, एक पाकट तेवढं खाण्याजोगं राहायचं. तेव्हापासून ते मुद्दाम मुरवतात, पेंढ्यात गुंडाळून, उकिरड्याच्या उबेत पुरून. त्याशिवाय त्यांच्याकडे लग्न लागत नाही. त्या बाईने लेकाच्या लग्नाचं घरातलं सगळ्यात चांगलं उचलून पाठवलं होतं.

"टाकलंत अगदी योग्य जागी," टोपलीवाला म्हणाला. "फक्त काढायचं विसरलात."

आबा ओसरीवर तंबाखू ओढत होते. त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फावडं घेऊन त्यांनी तो उकिरडा तिथून हलवला आणि ओढ्याच्या कडेला नेला. का, हे विचारायची आमची कुणाची छाती झाली नाही.

बरणी अजून आहे. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करता येत नाही, असं आईचं, आणि ती भरायला हात लावला की आबा खाकरायचे. वास मात्र गेला नाही. आई दर वसंतात ती उन्हात पालथी घालते.

दादा

*

सांगजू, ९ नोव्हेंबर १९९९

ही-जा,

तुझं उत्तर आलं. चारच ओळी, पण तुझ्या अक्षरात. मी त्या इथे पुन्हा उतरवतो, म्हणजे माझा समज चुकला असेल तर तू सांगशील. "बो-रामच्या बाबांचं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. ज्या दिवशी आबा ते पाकट खातील, त्या दिवशी ते त्या घरात पाऊल टाकतील. ते येतील तेव्हा मी येईन. त्यांना बाहेर उभं करून मी आत जाणार नाही."

वाचून मला राग आला नाही. तुझ्या जागी मीही हेच लिहिलं असतं, कदाचित इतकं नीट लिहिता आलं नसतं.

सध्या झाडांवरचे गाम उतरवून, सोलून, दोऱ्याला टांगून वाळवायचे दिवस आहेत. घराभोवती केशरी रंगाशिवाय काही दिसत नाही. मी सोलताना एकेका फळाला मनात बुद्धाचं नाव घेतो. वरच्या मठातल्या म्हाताऱ्या भिक्षूने सांगितलेलं, की वेगळा वेळ काढू नकोस, हाताला काम आहे तेवढ्यात उरक. आबांना आता ओणवं होता येत नाही, तरी चटईवर बसून देठांना दोरा बांधून देतात. मी पत्र खिशातून काढलं तेव्हा ते दोराच बांधत होते.

"कुणाचं?"

"ही-जाचं."

हात थांबला नाही. "काय म्हणते?"

मी वाचून दाखवलं. सगळं, न गाळता.

"मी काय गळाला लागायला मासा आहे?" आबा म्हणाले. "हे खा मग ते देतो."

"अट तिची नाही, त्याची आहे."

"त्याचीच बरी आहे. पुरुषाला तेवढा ताठा हवा." आणि मग चार देठ बांधून झाल्यावर, "करतो काय तो?"

"नाशपातीची बाग आहे."

"नाशपाती," आबा म्हणाले. "पाणचट फळ."

आई आतून म्हणाली, "स्वतःच्या घशाखाली पेज उतरत नाही, आणि दुसऱ्याच्या फळाला नावं ठेवा."

आबा हसले. ही-जा, मी त्यांना हसताना किती दिवसांनी पाहिलं. हसताना ठसका लागला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

तुला आठवणार नाही, पण गावच्या शाळेत मी शेवटच्या वर्गात होतो तेव्हा तू माझ्या पाठीवर बांधलेली असायचीस. आई शेतात. गुरुजी मला खिडकीपाशी बसवायचे, तू रडलीस तर बाहेर नेता यावं म्हणून. भिंतीवर देशाचा नकाशा होता. राजा प्रांत करायचा तेव्हा त्यातली दोन मोठी गावं निवडायचा आणि त्यांची पहिली अक्षरं जोडून प्रांताला नाव द्यायचा, हे गुरुजी आमच्याकडून ओरडून म्हणून घेत. ग्यॉन्गजू आणि सांगजू मिळून ग्यॉन्गसांग. जॉन्जू आणि नाजू मिळून जॉन्-ना, भरभर म्हटलं की जॉल्ला. पुढे तू स्वतः बोलायला लागलीस तेव्हा शाळेत न जाता तुला हे पाठ होतं.

आज ग्यॉन्गजूला राजांच्या समाध्या बघायला बसगाड्या भरून माणसं जातात, आणि जॉन्जूला जुन्या घरांच्या गल्ल्या बघायला. सांगजूला आणि नाजूला कोण जातं? आपण दोघं नावांच्या शेपटांवर राहतो. फळं पिकवतो. एवढ्यासाठी तरी आपलं पटायला हवं होतं.

दादा

*

सांगजू, १२ जानेवारी २०००

ही-जा,

एक गोष्ट तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सांगतो. मी मागच्या आठवड्यात तुझ्या गावात येऊन गेलो.

घरी देगूला औषध आणायला जातो म्हणून निघालो. देगूहून डोंगरातल्या त्या अरुंद महामार्गाने बस गेली. दोन प्रांतांना जोडणारा रस्ता, आणि समोरून ट्रक आला की दोन्ही चालक एकमेकांकडे बघत हळू होतात. ग्वांगजूला बस बदलली. नदीकाठी पाकटाच्या दुकानांची ओळ लागली तेव्हा कुणाला विचारायची गरज पडली नाही. आता तिथे होड्या येत नाहीत म्हणे, नदीचं तोंड बांधलंय. जुना दीपस्तंभ उभा आहे, तो कुणाला वाट दाखवतो कुणास ठाऊक.

एका दुकानात साठीची बाई होती. मी तोंड उघडलं मात्र, ती म्हणाली, "तुम्ही तिकडचे."

"हो."

"कुणाला न्यायचंय?"

"वडिलांना."

"वडील आहेत की वैरी आहेत?" असं म्हणून ती हसली, पण मग मला बसवलं. उकडलेलं डुकराचं मांस, जुनी आंबट किमची आणि वर पाकटाची फोड, असं एकावर एक ठेवून माझ्या हातात दिलं. "घाई करू नका. तोंडाने श्वास घ्या आणि नाकाने सोडा." मी नाकाने सोडला. कुणीतरी डोक्याचं झाकण काढून आत हिवाळा ओतावा तसं झालं. डोळ्यांतून धारा. दुकानातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, आणि कुणाच्या चेहऱ्यावर वैर नव्हतं. एका म्हाताऱ्याने तांदळाच्या दारूचा वाडगा पुढे सरकवला. "पहिल्यांदा सगळेच रडतात," तो म्हणाला.

तुझ्या घराकडे आलो नाही. पुलावर उभा राहून पलीकडच्या बागा बघितल्या. झाडांना पानं नव्हती. कोणती तुमची ते कळायला मार्ग नव्हता. आबांनी खाल्ल्याशिवाय तो आमच्या दारात येणार नाही, तर त्याआधी मी त्याच्या दारात गेलो असतो तर त्याच्या शब्दाचं काय राहिलं असतं, असा विचार केला. हा एक. दुसरं म्हणजे मला भीती वाटली.

परतीच्या बसमध्ये चालकाने डबा खाली सामानात ठेवायला लावला. तरी जिरीसानचा डोंगर ओलांडेपर्यंत मागच्या बाकांवरची माणसं पुढे येऊन बसली होती.

आबांना उशीला टेकवून बसवलं. मी डबा उघडला. आई नाकाला बाही लावून दारात उभी. आबांनी वास घेतला, डोळे मिटून, कितीतरी वेळ.

"हेच," ते म्हणाले. "हेच होतं ते."

एक बारीक फोड त्यांनी स्वतःच्या हाताने उचलली आणि जिभेवर ठेवली. चघळली. मग गिळायला गेले आणि ते गेलं नाही. पाणीसुद्धा उतरत नाही आता. खोकून खोकून निळे पडले. आई माझ्यावर ओरडली, की मारायला आणलंस का. मला शेवटी त्यांच्या तोंडातून ती फोड बोटाने काढावी लागली.

श्वास आल्यावर ते म्हणाले, "हे काही खाल्लं म्हणता येणार नाही."

"खाल्लंच की, आबा. जिभेवर ठेवलंत."

"त्या पोराला थाप मारू नकोस. पहिल्या वर्षश्राद्धाला चौरंगावर मांड. तेव्हा घशात गाठ नसेल."

"असं बोलू नका."

"मग काय बोलू? त्याला सांग, म्हातारा खाणार म्हणाला म्हणजे खाणार. जरा उशीर होईल, एवढंच."

मी हे बोलणं होतं तसं लिहिलं आहे. पान-सॉकला वाचून दाखवावंस की नाही, ते तू ठरव. उरलेलं पाकट मी खातोय. तुझी वहिनी मला ताट घेऊन अंगणात बसवते.

दादा

*

सांगजू, १० फेब्रुवारी २०००

ही-जा,

आबा गेले त्या दिवशी व्यापाऱ्याकडे फोन केला. त्याने तुला निरोप पोचवला, हे मला डोंगरावर कळलं.

माती देत होतो तेव्हा आईने माझी बाही ओढली. खाली रस्त्याच्या वळणावर पांढरी गाडी उभी होती आणि तिच्यापाशी तू, अंगावर सुतकाचा जाडाभरडा कपडा, शेजारी तुझ्याहून उंच मुलगी. तू बर्फात कपाळ टेकून उठलीस, पुन्हा टेकलंस. तुझं बघून मुलीनेही टेकलं, तिला नीट जमत नव्हतं. आई खाली यायला निघाली होती. काका म्हणाले, "वहिनी, माती पुरी होईपर्यंत जागा सोडू नये." ती थांबली. माती पुरी झाली तेव्हा गाडी गेली होती.

तू घरात आली नाहीस ते बरोबर केलंस असं मी म्हणणार नाही, आणि चूक केलंस असंही म्हणणार नाही. तू दिलेला शब्द पाळलास. आबांना ते आवडलं असतं आणि ते कुणाला कळू दिलं नसतं.

वळणावरच्या दगडावर दोन नाशपाती होत्या. मी त्या घरी आणून आबांच्या नावाच्या पाटीपुढे ठेवल्या. नंतर आईने एक चिरून सगळ्यांना वाटली. पाणचट मुळीच नव्हती.

दादा

*

सांगजू, १७ डिसेंबर २०००

ही-जा,

जुन्या तिथीने आबांचं पहिलं वर्षश्राद्ध पंधरा जानेवारीला संध्याकाळी येतं. पूर्वी मध्यरात्री व्हायचं, आता म्हाताऱ्यांना झेपत नाही म्हणून दिवेलागणीलाच करतो. चौरंगावर पाकट मांडायचं मी ठरवलं आहे.

हे ठरवणं सोपं गेलं नाही. काकांना सांगायला गेलो तेव्हा ते दुपारचं जेवून बसले होते. ऐकून त्यांनी काडी दातातून काढली.

"ग्यु-सिक, आपल्या घराण्याच्या चौरंगावर मुशी असते. पणजोबांच्या आधीपासून मुशी. वास मारणारं काही तिथे चालत नाही."

"काका, आपली मुशी काय अत्तर लावून येते? समुद्र इथून किती लांब. मीठ लावून लावून इथवर पोचेपर्यंत तीही नाकाला झोंबतेच. आपल्याला सवय आहे, एवढंच."

"मला शिकवू नकोस."

"आबांनी स्वतः सांगितलं."

"तुला एकट्याला सांगितलं असेल. आजारी माणूस काहीही बोलतो."

आई माझ्याबरोबर आली होती. काकूपाशी स्वयंपाकघरात बसलेली. तिथूनच बोलली, आवाज न चढवता. "भावोजी, मी दारात होते. माझ्या कानांनी ऐकलंय. आणि त्या दिवशी अंगणात 'सडका' हा शब्द ह्यांनी नाही काढला, तुम्ही काढलात. ह्यांनी फक्त बरणी ओतली. ह्यांनी निदान उकिरडा तरी हलवला. तुम्ही काय हलवलंत?"

काकू भांडी घासायची थांबली. काकांनी बराच वेळ काडी बोटांत फिरवली. मला वाटलं आता उठून जातील.

"मासे पूर्वेच्या बाजूला मांडायचे असतात," ते शेवटी म्हणाले. "तिकडेच मांड. पण मुशीला लागून नको. मध्ये टोफूचं ताट ठेव."

तेव्हा दोन प्रांतांच्या मध्ये एक डोंगर राहील. तेवढ्याला मी कबूल झालो.

आता तुमचं. त्या संध्याकाळी आबा खातील. पान-सॉकने घातलेली अट होती तशी पुरी होईल. मेलेल्या माणसाच्या खाण्यावर त्याचा विश्वास आहे की नाही, मला माहीत नाही. तुझ्या चार ओळींवरून वाटतं की असावा. नसेल तर मी वाद घालणार नाही. आईने मात्र बरणी तीनदा धुतली आहे.

दादा

*

सांगजू, १८ जानेवारी २००१

ही-जा,

सासूबाई पडल्या, कंबरेचं हाड मोडलं, एकाने घरी राहायलाच हवं, म्हणून तू आली नाहीस. हे पान-सॉकने आल्या आल्या सांगितलं. बाकी तो तुला फारसं काही सांगणार नाही असं मला वाटतं, म्हणून मी लिहितो.

दिवेलागणीच्या जरा आधी तो फाटकापाशी आला. केस बरेच पांढरे झालेत, मी ओळखलं नाही. हातात नाशपातीची पेटी. मी धावत गेलो, पेटी घेतली, आत चला म्हणालो.

"आधी त्यांना खाऊ द्या," तो म्हणाला. "मग येतो."

"बर्फ पडतोय."

"पडू द्या."

मी पुन्हा म्हणालो नाही. श्राद्ध सुरू झालं. उंबरठ्यातून मला तो दिसत होता, फाटकाबाहेर, टोपी काढून हातात घेतलेली. भात मांडला, रस्सा मांडला, मुशी, टोफू, आणि पाकट. मी दारू ओतली. भाताच्या वाटीत चमचा उभा केला आणि चॉपस्टिक उचलून पाकटाच्या ताटावर ठेवल्या. मग सगळे बाहेर आलो आणि दार लावून घेतलं. तुला आठवत असेल, नऊ घास होतील एवढा वेळ मान खाली घालून अंगणात उभं राहायचं, आणि आत बघायचं नाही.

सगळे उभे होतो. मी घास मोजायचे सोडून आबांच्या घशाचा विचार करत होतो, आणि मनात नाव घेत होतो, की उतरू दे.

तेवढ्यात काकांनी मान वर केली. मला वाटलं खाकरून दार उघडायला सांगतात. पण ते फाटकाकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, तुमचे सासरे जेवायला बसलेत. घरचं माणूस जेवत असताना आपल्यातल्याने फाटकात उभं राहू नये. बरं दिसत नाही."

पान-सॉक हलला नाही. बर्फ त्याच्या केसांवर साठत होता. काका तसेच त्याच्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "तो शब्द माझा होता. त्यांचा नव्हता."

तेव्हा तो आत आला, ही-जा. बूट अंगणात काढले, आमच्या ओळीत माझ्या शेजारी उभा राहिला आणि मान खाली घातली. काकांनी मुद्दाम आणखी थोडा वेळ जाऊ दिला. नऊपेक्षा बरेच घास झाले असतील. मग ते तीनदा खाकरले आणि मी दार उघडलं.

पान-सॉक पहिल्यांदा चौरंगापाशी गेला. दोनदा कपाळ टेकलं. मग उठून त्या ताटाकडे बघत राहिला. ताटातलं काही कमी झालेलं नव्हतं, ते कधीच होत नाही. आता हा काय म्हणतो, ह्याची मी वाट बघत होतो. त्याने वाकून वास घेतला. कपाळाला आठ्या पडल्या.

"हे कुठून आणलंत?"

मी दुकान सांगितलं.

"तुम्ही बोललात तिथे? तोंडाने?"

"बोलल्याशिवाय कसं घेणार?"

"म्हणजे तिने ओळखलं, हे तिकडचे, यांना काय कळतंय." तो खरोखर रागावला होता. "हे धड मुरलेलंसुद्धा नाही. वरवरचं आहे. आबांना तुम्ही हे खायला घातलंत? पहिल्यांदा खाणाऱ्या माणसाला?"

आई भिंतीला टेकून उभी होती. तो त्यांना 'आबा' म्हणाला, हे तिच्या लक्षात आलं होतं आणि त्याच्या आलं नव्हतं.

"पुढच्या वर्षी मी आणतो," तो म्हणाला. "माझी आई सांगेल कुठलं घ्यायचं ते. तोपर्यंत तिला उठता येईल."

मग प्रसादाला बसलो. काकांनी पहिली फोड घेतली. घराण्यातला सगळ्यात मोठा माणूस म्हणून त्यांना मागे हटता येईना. पान-सॉकने त्यांना शिकवलं, तोंडाने घ्या, नाकाने सोडा. काकांनी सोडला आणि जमिनीवर दोन्ही हात टेकले. "हा मासा आहे की शिक्षा?" असं विचारून त्यांनी दुसरी फोड मागितली. त्यानंतर सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि कुणी कुणाला का म्हणून विचारलं नाही. पान-सॉकने मुशी खाल्ली. कशी आहे विचारलं तर म्हणाला, "खारट. पण समजण्यासारखी आहे." तुझी वहिनी अजून ते वाक्य घेऊन हसते.

रात्री त्याला तुझ्याच खोलीत झोपवलं. जमिनीखालची भट्टी फार पेटवली वाटतं आईने; तो उकाड्याने उठून ओसरीवर येऊन बसला, असं सकाळी कळलं.

निघताना आईने परसातून बरणी आणवली. तोंडापर्यंत वाळवलेले गाम भरले होते, ह्या वर्षीचे, साखर वर आलेले, आणि वर स्वच्छ फडकं बांधलेलं. पान-सॉकने बरणी बघितली. तिच्या पोटावरून हात फिरवला, बुडाशी बोट लावून कसलीतरी खूण चाचपली.

"ही आईची आहे," तो म्हणाला. "ती अजून विचारते."

"वास गेला नाही रे तिचा," आई म्हणाली. "मी फार धुतली. गामला लागला तर तुझ्या आईला सांग, माझा इलाज चालला नाही."

"लागला तर तिला आवडेल," तो म्हणाला.

बसस्टँडवर मी त्याला सामानात ठेवायला सांगितलं, रस्ता डोंगरातला आहे. त्याने ऐकलं नाही. मांडीवर घेऊन बसला, लहान मुलाला धरावं तशी, दोन्ही हातांनी. बस वळेपर्यंत मी उभा होतो.

एव्हाना तुम्ही ती उघडली असेल. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. बो-रामला बिया गिळू देऊ नकोस.

आईने तुला निरोप दिला आहे, तो तिच्याच शब्दांत लिहितो. बरणी रिकामी परत करू नको. आणि कुणाच्या हाती पाठवू नको.

तुझा दादा